न झिजलेले बूट

दंतवैद्याचं प्रकरण मिटून वर्षही झालं नव्हतं, तोच फौजदाराला नवा पुरावा सापडला. आणि तो कधी, तर लग्नाला पंचवीस वर्षं पुरी व्हायच्या आदल्या दुपारी!

फौजदार म्हणजे बूट शिवणाऱ्या या घराण्यातला धाकटा मुलगा. पोलिसात तो एक दिवसही नव्हता. पण बायको दारातून आत आली की "कुठे होतीस, कोण भेटलं, काय बोलला, बोलताना हसला का" अशी जी सरबत्ती सुरू व्हायची, तिच्यावरून थोरल्या बहिणीने, म्हणजे आक्काने, त्याला हे नाव ठेवलं आणि ते अगदी मापात बसलं. बायको टपाल खात्यात. खांद्यावर पिशवी घेऊन रोज अर्धं गाव पायाखाली घालायची. दर दाराशी एक माणूस, आणि दर माणसामागे फौजदाराचा एक प्रश्न.

त्या दंतवैद्याचंच घ्या. बायको दात काढायला गेली आणि हसत परत आली. दात काढून कोणी हसतं का? झालं! त्याच्यावर नजर ठेवायला फौजदार रोज कुठला तरी दात दाखवायला जाऊन बसू लागला. दाखवायला दात उरले नाहीत तेव्हा त्याने एक धडधाकट दाढ उपटून घेतली. दाढ इतकी घट्ट होती म्हणतात, की ओढताना खुर्ची दंतवैद्यासकट दारापर्यंत आली. तेवढ्या खटपटीत कळलं ते एवढंच, की दंतवैद्य पंचाहत्तरीचा होता आणि गुंगीचं औषध जरा सढळ हाताने देत होता.

तर ते सगळं निस्तरलं होतं. उद्या चर्चमधल्या सकाळच्या मिस्सेत दोघं वेदीसमोर उभी राहून लग्नाची शपथ पुन्हा घेणार होती. शपथ देणार होते घरातलेच थोरले चिरंजीव, ज्यांना गाव फादर म्हणे आणि घर दादा. फौजदाराच्या मनातही त्या दिवशी फक्त चांगलंच होतं. कामावरून येऊन बायको न्हायला वर गेली तसे त्याने दाराशी काढलेले तिचे बूट उचलले. नवे सोल ठोकून सकाळी पुढ्यात ठेवायचे, असा बेत. तोंडात खिळे धरले, चामडं कापायची रापी परजली, बूट उलटा केला आणि तसाच थांबला.

सोल कोरा होता.

आता हे घराणं सोल वाचणारं. फौजदाराचे वडील आबा सोल बघून सांगायचे की माणूस सकाळी कोणाशी भांडून निघालाय. हे जरा जास्त वाटत असेल तर वाटू द्या, मी कमी करून सांगतोय. त्यांच्या वडिलांनी तर एका जावयाची टाच बघून ओळखलं होतं, की हा डाव्या खिशात काहीतरी जड बाळगतो. झडती घेतली तर सासऱ्याचं घड्याळ.

"आबा, जरा बघता?" फौजदार खिळ्यांमधून म्हणाला.

"कोणाचा?"

"तुम्ही नुसतं बघा."

आबांनी चष्मा कपाळावर चढवला, कारण खरं बघायचं असलं की त्यांना चष्मा लागत नसे. सोलवरून अंगठा फिरवला. टाच कानाशी नेऊन टिचकी मारली. वास घेतला.

"आठवड्यापूर्वीचा."

"आठ महिने झाले द्यायला."

"मग बाई अंथरुणाला खिळलेली दिसते. बिचारी! काय वय?"

फौजदाराने खिळे हातावर काढले. "तुमची सून."

आबांचा अंगठा थांबला. "ती तर टपाल वाटते."

"तेच म्हणतोय मी."

"चालत."

"असं ती म्हणते."

आबा आजवर सुनेच्या बाजूचे. दंतवैद्याच्या वेळी त्यांनीच मुलाला उभ्याउभ्या झाडलं होतं. पण माणसाचा शब्द निराळा आणि सोल निराळा. साठ वर्षांत सोलने त्यांना एकदाही फसवलं नव्हतं. त्यांनी बूट परत दिला आणि चष्मा खाली ओढला, म्हणजे आता त्यांना काही बघायचं नव्हतं.

*

"तो बूट आधी टेबलावरून खाली घे," आई म्हणाली. ती स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. समोर दादा उद्याच्या वाचनांची पानं चाळत सोललेले दाणे तोंडात टाकत होते.

"आई, हा पुरावा आहे."

"खाली ठेवूनही दिसेल मला पुरावा. पाऊणशे वर्षांची झाले तरी आंधळी नाही झाले."

बूट टेबलावरच राहिला. आक्का दुकानाचं दार लावून आत आली, बूट बघितला, सवयीने उलटा केला, आणि तिच्या तोंडून "अरेच्चा" निघून गेलं. मग तिला ते परत घ्यावंसं वाटलं, पण निघालेलं निघालं.

आक्काची मोठी पंचाईत झाली. ही भावजय तिची जिवाभावाची. चर्चच्या गायनवृंदातल्या जाड आवाजाच्या गड्यावर फौजदाराचा डोळा होता, त्या काळात दोघी माळ्यावर बसून पोट धरून हसायच्या. पण आक्का गल्ल्यावर बसत असली तरी त्याच घराण्यातली. सोल दिसत होता आणि ती न दिसल्यासारखं करू शकत नव्हती.

"चालत नाही तर जाते कशाने?" तिने हळूच विचारलं.

"मोटारीने," फौजदार म्हणाला.

"कोणाच्या?"

"पोस्टमास्तरांकडे आहे एक."

"ती? ती पोस्टापर्यंत येते तीच चार माणसं ढकलतात म्हणून."

"उतारावरून येत असेल."

"अरे, मग चढावर टपाल कोण नेतं?" आई कडाडली. "पत्रं तर पोचतात ना घरोघरी? का ती स्वतःच्या पायांनी जातात?"

हा मुद्दा बिनतोड होता. पण बिनतोड मुद्द्याने शांत होणारा गडी असता तर त्याला फौजदार कशाला म्हटलं असतं? तो दादांकडे वळला.

"दादा, ती पापनिवेदनाला तुझ्याकडेच येते."

"येते."

"मग तुला माहीत असणार."

"तिथलं मला काहीही माहीत नसतं."

"सांगू नकोस रे, तिथलं बाहेर सांगायचं नाही हा नियम मला कळतो. मी फक्त बोलतो. माझं चुकत असेल तर नुसता खोक."

"मी खोकणारही नाही. नियम खोकल्यालाही लागू आहे."

"बरं, तसं तर तसं. माझं म्हणणं असं, की माझ्या बायकोचं बाहेर..."

आणि नेमका त्या क्षणी दादांच्या घशात मटाराचा दाणा अडकला.

आता फादरांच्या मनात शिरायची मुभा मलाही नाही. त्यांना काय ठाऊक होतं, काय नव्हतं, ते त्यांना आणि देवाला माहीत. बाहेरून दिसलं ते सांगतो. खोकावं तर भाऊ म्हणणार, दादाने सांगितलं. म्हणून त्या भल्या माणसाने खोकला दाबून धरला. चेहरा आधी लाल झाला, मग जांभळा, मग ज्याला नाव नाही असा झाला. कॉलरचं बटण उडून समोरच्या बरणीवर आदळलं. शेवटी आईने पाठीत असा रट्टा हाणला, की दाणा खिडकीतून शेजारच्यांच्या अंगणात गेला आणि खोकला अख्ख्या गल्लीने ऐकला.

"खोकला!" आक्का टाळ्या पिटत म्हणाली. "म्हणजे फौजदार, तुझं चुकतंय!"

"आईने मारलं म्हणून खोकला!"

"पण आधी खोकायचं नाही म्हणून किती वेळ थांबला, ते कोणी बघितलं का?" आबा दारातून म्हणाले. एवढं बोलून त्यांनी भलतंच काम केलं. न खोकण्याचाही अर्थ निघू शकतो, हे तोवर फौजदाराच्या लक्षातच आलं नव्हतं.

"आबा, तुम्हीसुद्धा?" आई म्हणाली.

"मी काही म्हणत नाही. मी फक्त सोल बघितला."

*

जिन्याच्या मधल्या पायरीवर, केसांना पंचा गुंडाळून, टपालवाली हे सगळं ऐकत उभी होती.

तिला नवीन काहीच नव्हतं. लग्नानंतरची पहिली काही वर्षं ती रडली. मग काही वर्षं प्रत्येक प्रश्नाचं खरं उत्तर दिलं. त्यात असं झालं की एका उत्तराला दोन प्रश्न फुटत. तेव्हापासून तिने थट्टेचा मार्ग धरला. "कुठे होतीस?" म्हटलं की म्हणायची, "सेनापती आला होता, घोड्यावर बसवून फिरवून आणलं." सेनापतीवर मात्र फौजदाराने कधी संशय घेतला नाही. तिच्या मैत्रिणी विचारायच्या, कसं सहन करतेस गं? ती म्हणायची, "प्रत्येकाला आपापला क्रूस असतो. माझा दोन पायांवर चालतो आणि 'कुठे गेली होतीस' विचारतो, एवढंच." बाकी माणूस सोन्यासारखा होता. तिच्या आजारपणात महिनाभर उशाशी बसून होता. फक्त डॉक्टर आला की खुर्ची मध्ये घ्यायचा.

पण आज आबांचा आवाज फौजदाराच्या बाजूने आला, तो तिला लागला.

आणि खरं काय ते सांगून टाकणं सोपं नव्हतं. या घरात एक रीत होती. लग्नाच्या आठवड्यात नवऱ्याने बायकोच्या पावलाचा लाकडी साचा कोरायचा. तो कारखान्यातल्या भिंतीवर टांगायचा आणि जन्मभर तिचे बूट त्याच साच्यावर शिवायचे. फौजदाराने कोरलेला साचा इतका सुबक होता, की गावातल्या मुली तो बघायला येत. साचा भिंतीवर तसाच तरणाताठा राहिला. पावलं मात्र खाली जगत होती. एक बाळंतपण झालं, खांद्यावर पिशवी आली, वर्षानुवर्षांचे चढ-उतार झाले; पावलं पसरली, बोटं एकमेकांवर चढली. गावात ज्याच्या बुटांची वाहवा, त्याच्या बायकोला त्याच्या बुटांत बेकरीच्या कोपऱ्यापुढे चालवत नव्हतं.

ती हे सांगू शकली नव्हती. कारण तिचे बूट शिवताना फौजदार शीळ घालायचा. वर्षातले तेवढेच दिवस घरात चौकशी बंद असायची. ती शीळ थांबवायची तिची छाती होत नव्हती. म्हणून बेकरीच्या जिन्याखाली बसून ती रोज बूट बदलायची आणि येताना पुन्हा बदलायची.

तिने पंचा सोडला आणि ओल्या केसांनी खाली आली. स्वयंपाकघरात एकदम सगळ्यांना मटार सोलायची हौस आली. आबासुद्धा एक शेंग घेऊन बसले. त्यांनी वर बघितलं नाही.

"काय ठरलं?" तिने विचारलं. "पोस्टमास्तर का? त्यांना निदान कळवलंत का? बिचाऱ्यांना तयारी करायला हवी."

कोणी हसलं नाही. आक्कासुद्धा नाही.

"हसण्यावारी नेऊ नकोस," फौजदार म्हणाला. तो खरोखरच दुःखी होता. संशयी माणसाचं हेच वाईट असतं, त्याचं दुःख खोटं नसतं. "आठ महिने. एक रेघ नाही त्या सोलवर, एक ओरखडा नाही. तुझे पाय जमिनीला लागतच नाहीत, तर असतेस कुठे तू दिवसभर? मी उद्या सगळ्या गावासमोर हो कशाला म्हणू?"

टपालवालीने आबांकडे बघितलं, मग सासूकडे, मग दादांकडे. दादा घाईघाईने छताकडे बघू लागले. ती बाहेर गेली, टपालाची पिशवी घेऊन आली, आणि तळाशी हात घालून एक जोडी कॅनव्हासचे बूट काढून त्या कोऱ्या बुटाशेजारी ठेवले.

बाजारातले. यंत्रावरचे. रंग उडालेला, नाड्या गाठी मारून जोडलेल्या, आणि सोल असा झिजलेला, की त्यातून टेबलाचं लाकूड दिसत होतं.

"मी यातून चालते," ती म्हणाली. "तुमच्या बुटांनी माझे पाय दुखतात."

असली शांतता त्या घरात पूर्वी एकदाच झाली होती, थोरल्या मुलाने आपण बूट शिवणार नसून धर्मगुरू होणार असं सांगितलं तेव्हा. शेवटी आबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि एक बूट हातात घेतला.

"उजव्या बाजूला जास्त भार. पिशवी," ते पुटपुटू लागले. "हा पुढचा भाग चढाचा. हा टाचेचा, उताराचा. इथे रोज एकदा उडी मारते. डावीकडे. कुत्रा?"

"सोनाराचा," ती म्हणाली.

"इथे चवड्यावर उभी राहते. पत्रपेटी उंच लावलीय कोणीतरी. इथे चिखल. इथे खडी. इथे... सूनबाई, इथे तर तुझा मोजाच जमिनीला लागत होता!" आबांचे डोळे भरून आले. "काय चालली आहे रे ही बाई! फौजदारा, तुझ्या अख्ख्या खानदानात कोणी एवढं चाललं नसेल!"

मग त्यांनी बूट आडवा धरला, आणि त्यांचा चेहरा पालटला.

"हे चिकटवलेले आहेत," ते म्हणाले. "टाका नाही. एकसुद्धा टाका नाही. माझ्या घरातल्या सुनेच्या पायात चिकटवलेले बूट!"

खरं सांगतो, सून पोस्टमास्तरांच्या मोटारीतून पळून गेली असती तरी त्यांनी एवढा मोठा उसासा टाकला नसता.

"लावा, लावा, तिलाच बोल लावा," आई म्हणाली. तिने खुर्चीवर बसल्या बसल्या वाकून एक बूट काढला, दुसरा काढला, मोजे काढले. "हे बघा. पन्नासहून जास्त वर्षं झाली. तुम्ही माझं विशीतलं माप घेतलंत आणि माझं वय वाढतं हे विसरून गेलात. ही करंगळी कुठे गेली, ती मलाच दिसत नाही आता."

"तू कधी बोलली नाहीस!"

"तुम्ही सोल बघत होतात. पाऊल बघायला कोण आलं?"

आबा ज्या खुर्चीवर होते तिथून उतरून खाली बसले आणि त्यांनी म्हातारीचं पाऊल मांडीवर घेतलं. आक्काने हळूच भावजयीच्या कमरेला हात घातला. "मी दोन मिनिटं तुझ्या बाजूला नव्हते," ती म्हणाली. "मारायचं तर मार."

आणि फौजदार? फौजदार उभ्या जागी उजळला. दुःख पार पळालं. "म्हणजे चालतच होतीस!" तो ओरडला. "चालतच होती, आबा! दादा, चालतच होती! सुटली!" आणि बायकोला मिठी मारायला निघाला.

"थांब," ती म्हणाली.

एरवी ती नवऱ्याला अहो म्हणे. एकेरीवर ती दोनच वेळा यायची, आणि त्यातली ही प्रेमाची वेळ नव्हती हे सगळ्यांना कळलं.

"तुला आनंद कशाचा झाला?"

"तू निर्दोष आहेस ह्याचा!"

"ते कोणी सांगितलं? या फाटक्या बुटांनी. पंचवीस वर्षं मी सांगत होते, ते तुझ्या कानात शिरलं नाही. चिकटवलेल्या बुटांची साक्ष मात्र चालली. आणि पुढच्या महिन्यात छत्री कोरडी आली तर? केसात पान अडकलं तर? दर वेळी मी पिशवीतून काहीतरी काढून दाखवत बसू?"

फौजदाराचे मिठीसाठी पसरलेले हात खाली आले.

"मला सुटायचं नाही. मला हा खटलाच नको. उद्या मी शपथेला उभी राहीन की नाही, ते मी अजून ठरवलेलं नाही."

दादांना आता बोलता येत होतं, आणि ते लगेच बोलले. "नाही राहिलीस तरी लग्न तसंच राहतं, बरं का. पहिली शपथ कायमचीच आहे. उद्याची फक्त आठवण."

"माहीत आहे, दादा. हे लग्न मोडत नाही, म्हणून तर म्हणते. मोडत असतं तर चाललं असतं कसंही. ज्या घरातून बाहेर पडायचं नाही, त्याचं छप्पर गळून कसं चालेल?"

दादांनी तोंड उघडलं, आणि पुढच्या रविवारच्या प्रवचनासाठी ते वाक्य मनात ठेवून मिटलं.

"मग मी करू काय?" फौजदार म्हणाला. "यापुढे विचारणार नाही. शपथ."

"विचारशील. शिंक येते तसा तुला प्रश्न येतो. येऊ दे. विचार. पण उत्तर मी देणार नाही. तू द्यायचंस. आणि ते माझ्या बाजूचं असलं पाहिजे."

"पण ते खरं आहे हे मला कसं कळणार?"

"नाही कळणार."

"मग?"

"मग काही नाही. तसंच बसायचं. मी नाही बसले? तू दुकानात दिवसभर कोणाकोणाची पावलं मांडीवर घेऊन बसतोस, मी विचारलं कधी?"

हे आजवर कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. आक्काला एकदम ती लाल हातमोज्यांची गिऱ्हाईक आठवली, जिला दरवेळी माप पुन्हा द्यायचं असे. फौजदाराचे कान तापले.

"करून दाखव," आक्का म्हणाली. "आत्ता. परवा ही उशिरा आली होती ना?"

फौजदार बायकोकडे वळला. "परवा... कुठे होतीस?" आणि मग कपाळाला आठ्या घालून, "मोटार..."

"माझ्या बाजूचं," टपालवाली म्हणाली.

"हां. म्हणजे... म्हातारी. एक म्हातारी होती. तिचं मांजर पाण्याच्या टाकीवर चढून बसलं होतं."

"मग?" आई म्हणाली.

"मग ही चढली. शिडी मोडकी. मांजर खवळलेलं." त्याचा आवाज मोकळा होऊ लागला. इतकी वर्षं नको त्या गोष्टी रचून रचून त्याची कल्पनाशक्ती एखाद्या घोड्यासारखी तयार झाली होती. आज तिला पहिल्यांदाच बरा रस्ता मिळाला. "तेवढ्यात टाकीचं झाकण सरकलं! मांजर आत! हिने पिशवीचा पट्टा सोडला, खाली टाकला, मांजराने तो दातात धरला..."

"वाचलं का?" आबांनी पाऊल न सोडता विचारलं.

"वाचलं! आणि म्हातारीने हिला धरून ठेवलं, चहा घेतल्याशिवाय सोडेना. म्हणून उशीर."

सगळ्यांनी सुस्कारा सोडला. टपालवालीचे ओठ हलले, पण तिने हसू आवरलं.

"खरंच असं झालं का गं?" फौजदाराने लहान मुलासारखं विचारलं.

"उत्तर मी देणार नाही, म्हटलं ना," ती म्हणाली आणि केस पुसत वर निघाली. "उद्याचं उद्या बघू."

*

सकाळी ती निघायला बसली तर बूट जागेवर नव्हते. तिच्या कपाळाला आठी पडतेय तोच फौजदार अंगणातून कॅनव्हासचे बूट घेऊन आला. रात्री त्याने त्यांना आतून जाड चामड्याचा तळ बसवला होता. वरून ते होते तसेच कळकट होते. तो गुडघ्यावर बसला, तिचं पाऊल हातात घेऊन क्षणभर बघत राहिला, आणि नाड्या बांधल्या. गावातली निम्मी गिऱ्हाइकं आज बाकांवर असणार, हे त्याला माहीत होतं.

दोघं चर्चमधून वेदीकडे चालली, तशा पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत माना खाली गेल्या. दादांना आधी वाटलं, लोकांची भक्ती वाढली. मग त्यांनीही खाली बघितलं.

"सुखात आणि दुःखात, आजारात आणि आरोग्यात..." दादांनी भावाला विचारायला सुरुवात केली. वाक्य संपायच्या आत फौजदार "हो" म्हणून मोकळा झाला.

मग त्यांनी तिला विचारलं.

टपालवाली बोलली नाही.

मेणबत्त्या जळत होत्या. कुठला तरी बाक करकरला. आक्काने आईचा हात धरला. फौजदाराचे डोळे सवयीने गायनवृंदाकडे सरकू लागले, ही कोणाकडे बघतेय ते बघायला. अर्ध्या वाटेवर त्याने ते डोळे असे काही परत ओढले, की मान कडकन वाजली. तो तिच्याकडे बघत राहिला. तिच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हतं, आणि कळवायचा तिचा विचारही दिसत नव्हता.

"काय करतेय ही?" तो शेवटी पुटपुटला. चर्च इतकं शांत होतं की ते दारापर्यंत ऐकू गेलं. मग त्याने श्वास घेतला आणि स्वतःच मोठ्याने उत्तर दिलं, "विचार करत असेल. करू दे. पंचवीस वर्षांचा आहे, वेळ लागणारच. चांगलाच करत असेल."

आधी आक्का फुटली, मग आई, मग सगळे बाक. दादांनी हसू लपवायला पुस्तक तोंडापुढे धरलं, तेही उलटं.

आणि त्या हसण्याच्या वरून टपालवालीने "हो" म्हटलं. दारोदारी हाका मारून कमावलेला तो आवाज. इतका खणखणीत, की वर मनोऱ्यात बसलेल्या घंटावाल्याला वाटलं खूण झाली, आणि मिस्सा अर्धी व्हायची असताना त्याने दोर ओढला. खालून कोणीही त्याला थांबवायला गेलं नाही.